बांधकामाआधी गुरुत्व सर्वेक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चुनखडीचा पट्टा, जुन्या खाणींवरची जमीन, पूर्वीचा ओढा बुजवून सपाट केलेला प्लॉट: अशा जागी पाया घालायचा तर खाली काय आहे हे आधी कळायला हवं. त्यासाठीच्या पद्धतींपैकी गुरुत्व सर्वेक्षण ही सर्वांत कमी समजून घेतली गेलेली पद्धत आहे. तिच्याकडून कधी नको तेवढी अपेक्षा ठेवली जाते, तर कधी ती विचारातच घेतली जात नाही. आराखडा करणारे, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि जागेचे मालक नेहमी जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

गुरुत्व सर्वेक्षणात नेमकं काय मोजतात?

पृथ्वीची ओढ सगळीकडे सारखी नसते. पायाखाली जड खडक असेल तर ती किंचित वाढते, पोकळी किंवा भुसभुशीत भराव असेल तर किंचित घटते. जमिनीवर ठरावीक अंतरावर बिंदू आखायचे, प्रत्येक बिंदूवर ओढ मोजायची, इतर कारणांनी पडणारा फरक वजा करायचा आणि जे उरेल ते नकाशावर मांडायचं. जमिनीत काही सोडावं लागत नाही, ठोकावं लागत नाही, खणावंही लागत नाही.

मोजण्याचं एकक गॅल, गॅलिलिओच्या नावावरून आलेलं. पृथ्वीच्या पृष्ठभागावर गुरुत्व त्वरण सुमारे ९८० गॅल असतं. बांधकामाच्या कामात आपण मायक्रोगॅलमध्ये बोलतो, म्हणजे गॅलच्या दहा लाखाव्या भागात. १० मायक्रोगॅलचा फरक म्हणजे एकूण ओढीच्या दहा कोटींतला एक भाग.

इतका बारीक फरक खरंच मोजता येतो?

येतो. यंत्राला ग्रॅव्हिमीटर म्हणतात. तत्त्व ताणकाट्याचंच आहे: स्प्रिंगला टांगलेलं छोटं वजन ओढ वाढली की खाली जातं. आजच्या यंत्रांत स्प्रिंग क्वार्ट्झची असते आणि ते वजन विद्युत बलाने जागच्या जागी धरून ठेवतात. त्यासाठी किती बल लागलं यावरून वाचन मिळतं. सिंट्रेक्स कंपनीची सीजी-५ आणि सीजी-६ ही यंत्रं या कामात सर्रास दिसतात. काळजीपूर्वक वापरली तर त्यांच्या वाचनातली अनिश्चितता ५ मायक्रोगॅलच्या आसपास किंवा त्याखाली ठेवता येते.

ही यंत्रं सापेक्ष आहेत. एका बिंदूपेक्षा दुसऱ्या बिंदूवर ओढ किती कमी-जास्त आहे एवढंच ती सांगतात, आणि पायाच्या कामाला तेवढं पुरतं.

कुठल्या प्रश्नांसाठी ही पद्धत योग्य आहे?

ज्या प्रश्नात घनतेचा ठळक फरक आहे त्यासाठी. चुनखडीतल्या गुहा, जुन्या खाणींचे बोगदे, विसरले गेलेले भुयारी मार्ग, गाडलेल्या नदीपात्राचा मऊ गाळ, खडकाच्या माथ्याचे चढउतार, भरावाची जाडी ही नेहमीची कामं. केबल, पातळ पाइप किंवा काँक्रीटमधली सळई शोधायला ही पद्धत वापरू नये. त्यांचं वस्तुमान इतकं थोडं असतं की ग्रॅव्हिमीटरला ते जाणवत नाही.

पोकळी किती मोठी असली तर सापडते?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि याचं उत्तर सर्वेक्षणाआधी कागदावर काढता येतं. ते काढल्याशिवाय यंत्र साइटवर नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक उदाहरण घ्या. जमिनीची घनता २.० ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आहे, तिच्यात ४ मीटर व्यासाची गोल, हवेने भरलेली पोकळी आहे आणि तिचा मध्य ५ मीटर खोल आहे. म्हणजे तिथे सुमारे ६७ टन वस्तुमानाची तूट आहे. तिच्या बरोबर वर गुरुत्व सुमारे १८ मायक्रोगॅलने कमी भरेल. चांगल्या मोजणीत ही घट दिसते. आता तीच पोकळी १० मीटर खोल न्या. खोली दुप्पट झाली की परिणाम चौपट घटतो, म्हणून उरतात फक्त साडेचार मायक्रोगॅल. एवढा फरक मोजणीच्या अनिश्चिततेत बुडून जातो.

बोगद्यासारखी लांबट पोकळी असेल तर गणित जरा अनुकूल होतं, कारण तिचा परिणाम खोलीच्या वर्गाने नव्हे, थेट खोलीच्या प्रमाणात घटतो. त्याच जमिनीत २ मीटर व्यासाचा बोगदा ४ मीटर खोल असेल तर त्याच्यावर सुमारे २१ मायक्रोगॅलची घट मिळते.

मी स्वतः धरतो तो नियम असा: अपेक्षित घट मोजणीच्या अनिश्चिततेच्या किमान दोन-तीन पट असावी. नसेल तर सल्लागाराने ‘या जागी ही पद्धत चालणार नाही’ असं सरळ सांगावं.

प्रत्यक्षात मात्र घट बऱ्याचदा हिशेबापेक्षा जास्त भरते. पोकळीभोवतालचा खडक भेगाळलेला असतो, वरची माती सैल झालेली असते, आणि ही सैलावलेली कडाही तुटीत भर घालते. छत ढासळत पोकळी हळूहळू वर सरकत असेल तर मूळ जागी ढिगारा साचतो, पण वस्तुमानाची तूट नाहीशी होत नाही. ती पसरून पृष्ठभागाच्या जवळ येते. जमीन खचण्याचा धोका जिथे खरा असतो तिथे या गोष्टी आपल्याला मदतच करतात.

पोकळीत पाणी किंवा माती भरलेली असेल तर?

पाण्याची घनता १.० धरली तर वरच्या उदाहरणातली घट निम्मी होते: १८ ऐवजी ९ मायक्रोगॅल. १.६ घनतेची सैल माती भरलेली असेल तर साडेतीन मायक्रोगॅलच्या आसपास उरतात, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. म्हणून भूजलाची पातळी किती आहे हे आधी विचारावं लागतं. ज्या पोकळीचा पावसाळ्यानंतर पत्ता लागत नाही, ती पाणी खाली गेल्यावर दिसू शकते.

खडक किती खोल आहे हे कळेल का?

याबाबत गुरुत्व पद्धत भरवशाची आहे. माती आणि खडक यांच्या घनतेत ०.६ चा फरक असेल आणि खडकाचा माथा विस्तृत भागात १ मीटर खाली गेला, तर गुरुत्व सुमारे २५ मायक्रोगॅलने घटतं. म्हणजे खडकातला २ मीटरचा उतारही स्पष्ट दिसतो. पाइलची, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या पायाच्या खांबांची, लांबी कुठे वाढणार, इमारतीचा एक कोपरा गाडलेल्या पात्रावर येतो आहे का, हे यातून नीट उलगडतं. गाडलेलं पात्र अरुंद असेल तर घट या हिशेबापेक्षा कमी येते हे मात्र लक्षात ठेवा.

अडचण येते ती खडक वरून हळूहळू कुजत गेलेला असतो तेव्हा. माती कुठे संपते आणि खडक कुठे सुरू होतो याची स्पष्ट रेषाच नसेल तर नकाशाही ती रेषा देऊ शकत नाही. एक-दोन बोअरचा (जमिनीत घेतलेल्या तपासणीच्या छिद्रांचा) आधार घेऊन घनता कशी बदलत जाते हे ठरवावंच लागतं.

आम्ही बोअर घेणारच आहोत. मग हे कशाला?

बोअर घ्यायलाच हवेत. प्रश्न आहे ते कुठे घ्यायचे हा. २० मीटर अंतराच्या चौकोनी जाळीत बोअर घेतले आणि खाली ४ मीटर व्यासाची एक पोकळी असली, तर त्यातला एखादा बोअर तिच्यावर पडण्याची शक्यता सुमारे ३ टक्के आहे. उरलेल्या ९७ टक्क्यांत अहवाल ‘जमीन ठीक’ असं म्हणेल, आणि तेही कोणी कामात कुचराई केली नसताना.

गुरुत्व सर्वेक्षण संपूर्ण जागा व्यापतं आणि संशयाच्या जागा दाखवतं. बोअर त्या जागी जाऊन खात्री करतो. हा क्रम उलटा केला, म्हणजे बोअरच्या जागा आधी ठरवून टाकल्या आणि सर्वेक्षण नंतर आणलं, तर अर्धा फायदा वाया जातो. एक-दोन बोअर मात्र नकाशा जिथे निर्धोक दिसतो तिथेही घ्या. तुलनेला आधार तिथूनच मिळतो.

जीपीआर किंवा विद्युत रोध पद्धत वापरली तर चालणार नाही का?

अनेक जागी चालेल, आणि एकाहून अधिक पद्धती एकत्र वापरणं केव्हाही चांगलं. जीपीआर, म्हणजे जमिनीत रेडिओ लहरी सोडून परतणाऱ्या लहरी टिपणारं रडार. तो जलद आहे, बारकावे दाखवतो, पण ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी थोड्याच खोलीवर विरतात. विद्युत रोध पद्धत जमीन विजेच्या प्रवाहाला किती विरोध करते ते मोजते, आणि त्यासाठी जमिनीत इलेक्ट्रोड रोवावे लागतात. काँक्रीटच्या फरशीवर ते अवघड जातं आणि जवळच्या धातूच्या पाइपलाइन निकाल बिघडवतात. भूकंपलहरींच्या पद्धतींना लहर उठवायची सोय आणि बरीच मोकळी जागा लागते.

फरशी, डांबर, चिकणमाती, विजेच्या तारा यांपैकी कशाचाही ग्रॅव्हिमीटरला अडथळा होत नाही. चालू इमारतीच्या तळघरातही तो मांडता येतो. त्याची मर्यादा खोली आणि आकाराची आहे, आणि काम संथ चालतं. दोन वेगळ्या तत्त्वांच्या पद्धतींनी एकाच जागेवर बोट ठेवलं तर तिथे बोअर घ्यायला कचरू नका.

साइटवर काम कसं चालतं?

आधी बिंदूंची जाळी आखतात. दोन बिंदूंतलं अंतर शोधायच्या गोष्टीच्या खोलीच्या निम्म्याहून जास्त नसावं. ५ मीटर खोलीवरच्या पोकळीसाठी अडीच मीटर ठीक. ५० बाय ५० मीटरच्या जागेला असे ४४१ बिंदू होतात. नकाशा इमारतीच्या रेषेवर थांबवू नका. चारी बाजूंनी काही मीटर पुढे न्या, नाहीतर कडेजवळची घट स्थानिक आहे की सगळ्या परिसराचाच उतार आहे हे ठरवता येत नाही.

प्रत्येक बिंदूवर यंत्र समतल करतात, कंपनं शमू देतात आणि सुमारे एक मिनिटाची वाचनं दोन-तीनदा घेतात. साधारण दर तासाला एका ठरलेल्या बेस बिंदूवर परत येऊन पुन्हा वाचन घेतात, कारण स्प्रिंगचं वाचन वेळेबरोबर आपोआप सरकत जातं. याला ड्रिफ्ट म्हणतात. काही बिंदू वेगळ्या वेळी, मुद्दाम दुसऱ्यांदा मोजतात. ही पुनर्मोजणी म्हणजेच संपूर्ण सर्वेक्षणाच्या विश्वासार्हतेचा पुरावा. या दर्जाचं काम दिवसाला काही डझन बिंदूंपलीकडे जात नाही, म्हणून वरच्या जागेला एक-दोन आठवडे लागतील असं धरून चाला.

उंचीबद्दल एवढा आग्रह का?

कारण बिघडलेल्या सर्वेक्षणांचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. यंत्र १ मीटर वर उचललं की ओढ सुमारे ३०९ मायक्रोगॅलने घटते. म्हणजे उंचीत एका सेंटिमीटरची चूक झाली तर ३ मायक्रोगॅलची खोटी घट किंवा वाढ दिसते. मधल्या मातीचा परिणाम धरल्यावर हा आकडा थोडा कमी होऊन २ च्या आसपास येतो, पण आपण ज्या १०-१५ मायक्रोगॅलच्या शोधात आहोत त्यापुढे तोही थोडा नाही.

उपग्रहावरून उंची घेणारी आरटीके उपकरणं उभ्या दिशेत एक-दोन सेंटिमीटरपर्यंत चुकू शकतात. खडकाच्या माथ्याच्या कामाला ते चालून जाईल. पोकळी शोधायची असेल तर डिजिटल लेव्हलने प्रत्येक बिंदूची उंची मिलिमीटरमध्ये घ्या, आणि यंत्राची जमिनीपासूनची उंचीही दर बिंदूवर लिहून ठेवा. ग्रॅव्हिमीटर भारीतला आणून लेव्हलिंगवर काटकसर करणारं काम मी स्वीकारणार नाही.

‘दुरुस्त्या’ म्हणजे आकड्यांची फिरवाफिरव तर नाही?

नाही. प्रत्येक दुरुस्तीमागे मोजता येणारं कारण आहे. चंद्र-सूर्यामुळे नुसतं समुद्राचं पाणीच वरखाली होत नाही. एकाच जागी ठेवलेल्या यंत्राचं वाचनही दिवसभरात सुमारे ३०० मायक्रोगॅलपर्यंत बदलू शकतं, आणि ते सूत्राने अचूक काढता येतं. पृथ्वी फिरते आणि ध्रुवांकडे चपटी आहे, म्हणून विषुववृत्तापासून दूर जाताना ओढ वाढते. मध्यम अक्षांशांवर हा फरक दर मीटरला सुमारे ०.८ मायक्रोगॅल असतो. मग उंचीची दुरुस्ती. त्यानंतर मधल्या मातीच्या थराची: तिला अठराव्या शतकात अँडीज पर्वतात मोजण्या करणाऱ्या पिएर बुगे यांचं नाव आहे. जवळपास टेकडी, खड्डा, उतार असेल तर भूरूपाची दुरुस्ती लागते.

शहरात आणखी एक दुरुस्ती येते, इमारतींची. शेजारचं तळघर म्हणजे माहीत असलेली पोकळीच. तिच्यामुळे जवळच्या बिंदूंवर सहज काही दहा मायक्रोगॅलची घट येते. शेजारच्या इमारतींचे नकाशे सल्लागाराला द्या. ते नसतील तर त्याला निदान बाहेरून मापं तरी घेऊ द्या.

रहदारी, वारा, यंत्रांची धडधड यांचं काय?

त्रास होतो, पण वाचनं लांबवून आणि वेळ निवडून तो आटोक्यात येतो. वर्दळीच्या रस्त्यालगत रात्री मोजणं सोयीचं. जोराच्या वाऱ्यात मोठ्या झाडाजवळचे बिंदू टाळावेत, कारण मुळांतून जमीनही हलते. दूरवर मोठा भूकंप झाला तर काही तास काम थांबवणंच बरं. साइटवर रोलर किंवा पाइलिंग सुरू असताना मात्र मोजू नका.

नकाशावरचा निळा डाग म्हणजे पोकळी का?

निळा डाग म्हणजे तिथे अपेक्षेपेक्षा वस्तुमान कमी आहे, एवढंच. कारण पोकळी असेल, मऊ गाळ असेल, खडक खोल गेलेला असेल किंवा दुरुस्तीत राहिलेलं जुनं तळघर असेल. डागाचा आकारही तपासा. एकाच बिंदूवर खोल घट आणि शेजारचे चारही बिंदू सामान्य, असं दिसलं तर ती मोजणीतली चूक असण्याची शक्यता जास्त. खोलवरच्या गोष्टीचा परिणाम कधीच एका बिंदूत मावत नाही.

रंगांच्या पट्टीवरचे आकडे वाचल्याशिवाय नकाशाबद्दल मत बनवू नका. संपूर्ण पट्टीच ८ मायक्रोगॅलची असेल तर तो रंगीत नकाशा बहुधा नुसता गोंगाट दाखवतो आहे.

खोली नेमकी सांगता येते का?

अंदाज देता येतो, एकमेव उत्तर नाही. घट ज्या अंतरावर निम्मी होते त्यावरून खोली काढतात. समजा ते अंतर ४ मीटर आहे. पोकळी गोल धरली तर मध्याची खोली सुमारे ५.२ मीटर येते. आडवा बोगदा धरला तर ४ मीटर. मोजणी एकच असूनही आकार वेगळा मानला की खोली बदलते. उथळ आणि पसरट सैल थरही तसाच आलेख देऊ शकतो. गुरुत्वाच्या पद्धतीचा हा मूळ स्वभाव आहे, कितीही महागडं सॉफ्टवेअर आणलं तरी तो बदलत नाही. बोअर, जुने नकाशे, भूगर्भाची माहिती यांनीच पर्याय कमी होतात. अहवालात एकच ठाम खोली लिहिली असेल तर ती कुठल्या गृहीतकावर काढली ते विचारा.

एक गोष्ट मात्र आकार न कळताही काढता येते: एकूण तूट. संपूर्ण डागावरची घट बेरजेत घेतली की हरवलेलं वस्तुमान मिळतं. आपल्या उदाहरणात ६७ टन, म्हणजे २.० घनतेने सुमारे ३३ घनमीटर. ग्राउट (पोकळीत भरायचं सिमेंटचं पातळ मिश्रण) किती लागेल याचा पहिला अंदाज इथूनच बांधतात.

मातीची भारक्षमता यातून कळते का?

नाही. त्यासाठी बोअर, एसपीटी (बोअरमध्ये नळी ठोकून माती किती घट्ट आहे ते पाहणारी चाचणी) आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्या.

निळ्या डागावर बोअर घेतला आणि काहीच निघालं नाही, तर?

आधी बोअर नेमका कुठे पडला ते तपासा. दोन मीटर बाजूला सरकलेला बोअर चार मीटरच्या पोकळीच्या कडेवरून निसटतो. मग बोअरचा लॉग पुन्हा वाचा: ड्रिलिंगचं पाणी कुठे गायब झालं, रॉड कुठे अचानक सरकला, गाभा (बोअरमधून बाहेर काढलेला खडकाचा नमुना) कुठे कमी आला. सैल, भेगाळलेला थर मिळाला असेल तर तूट तीच, फक्त पोकळीच्या रूपात नाही. तरीही उलगडा झाला नाही तर त्या बिंदूंची उंची आणि वाचनं पुन्हा घ्या. तूट पुन्हा तेवढीच आली, तर तिचं कारण सापडेपर्यंत तिथे कॉलम ठेवू नका.

क्वांटम ग्रॅव्हिमीटरबद्दल ऐकलं. त्याची वाट पाहावी का?

२०२२ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात क्वांटम ग्रेडिओमीटरने जमिनीखालचा बोगदा शोधून दाखवला. थंड केलेल्या अणूंचे दोन पुंजके एकावर एक ठेवून त्यांच्या ओढीतला फरक मोजला की जमिनीची कंपनं आपोआप वजा होतात, हे त्याचं बलस्थान. मोजणी जलद होण्याची ही खरी आशा आहे. पण तुमचा पाया यंदा पडणार असेल तर आजची यंत्रं आजच्या कामाला पुरेशी आहेत.

सल्लागाराला काम देण्याआधी काय मागावं?

अपेक्षित पोकळीचा आकार, खोली आणि घनता धरून काढलेला आगाऊ हिशेब. बिंदूंतलं अंतर आणि त्याचं कारण. उंची कशाने घेणार. किती टक्के बिंदू दुसऱ्यांदा मोजणार. अहवालात फक्त नकाशा नको. कच्ची वाचनं, प्रत्येक दुरुस्तीनंतरचे आकडे आणि पुनर्मोजणीतला फरक हवा, म्हणजे दुसरा कोणी तज्ज्ञ तीच माहिती पुन्हा तपासू शकेल. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं डी६४३० हे या पद्धतीचं मार्गदर्शक मानक आहे, त्याचा उल्लेख करारात असू द्या.

पोकळी सापडली, आता जागा सोडून द्यायची का?

क्वचितच. इमारत काही मीटर सरकवता येते, पोकळीवरून बीम नेता येतो, पाइल खालच्या पक्क्या खडकापर्यंत उतरवता येतात किंवा ग्राउट भरता येतं. आराखडा कागदावर असेपर्यंत यातला प्रत्येक पर्याय खुला असतो.

ग्राउटिंग केलं तर नंतर तीच जाळी पुन्हा मोजा. पोकळी खरंच भरली असेल तर घट उथळ झालेली दिसेल. ग्राउट भेगांतून दुसरीकडे वाहून गेलं असेल तर ती बरीचशी तशीच राहील. मधल्या काळात भूजल बदललं असेल तर तेही हिशेबात धरा: सच्छिद्रता २० टक्के असलेल्या थरात पाणी १ मीटर चढलं तर त्यानेच सुमारे ८ मायक्रोगॅलची भर पडते. पहिल्या मोजणीचे बिंदू खिळे ठोकून कायम ठेवा आणि दुसऱ्या वेळी उंची नव्याने घ्या, कारण दाबाने भरलेलं ग्राउट जमीन काही मिलिमीटर उचलूही शकतं.